बांज की तिलौंज? कुमाऊँतल्या एका फसलेल्या ओक लागवडीचं प्रकरण

हे प्रकरण उत्तराखंडातल्या नैनिताल जिल्ह्यातल्या एका वनपंचायतीचं आहे. गावाचं, संस्थेचं आणि माणसांचं नाव मुद्दाम दिलेलं नाही. त्या कामाची समन्वयक मी होते, त्यामुळे यातल्या चुकांमध्ये माझाही वाटा आहे. लागवडीच्या कामात असलेल्या मराठी मंडळींना उपयोग व्हावा म्हणून हे सविस्तर लिहिते आहे. झाडं हिमालयातली असली तरी चूक कुठल्याही डोंगरावर होऊ शकते अशीच आहे.

पार्श्वभूमी

गाव साधारण १,७०० मीटर उंचीवर. घरांच्या वर दक्षिणेकडे तोंड असलेला उतार १,९०० मीटरपर्यंत चढतो, त्यावर डोंगराची धार आणि धारेपलीकडे उत्तरेचा उतार. दक्षिणेच्या उतारावर दिवसभर ऊन. तिथे एके काळी बांज ओकचं रान होतं, आता बहुतेक चीड पाइन (सुईसारख्या पानांचं झाड) उरलाय आणि मधूनमधून बांजाची खुरटलेली, चाऱ्यासाठी वर्षानुवर्षं छाटलेली खोडं. धारेपलीकडे गेलं की हवाच बदलते. तिथे गर्द, ओलसर, शेवाळलेलं रान आहे.

कुमाऊँमध्ये वनपंचायत ही जुनी व्यवस्था आहे. इंग्रज सरकारने जंगलं राखीव केल्यावर १९२१ मध्ये इथे मोठा उद्रेक झाला, कितीतरी रानं पेटवली गेली. पुढे १९३१ मध्ये गावांच्या वनपंचायतींसाठी नियम झाले. आजही वनपंचायतीच्या प्रमुखाला सरपंचच म्हणतात. रान गावाचं, राखायचं गावाने, आणि चारा-लाकूड कधी, किती न्यायचं हेही गावानेच ठरवायचं.

गावाची मागणी साधी होती. नौला म्हणजे दगडांनी बांधलेली झऱ्याची विहीर. गावचा नौला मे महिन्यात आटायला लागला होता, आणि बायकांना चाऱ्यासाठी धार ओलांडून जावं लागत होतं. चिडाचं रान वाढलं की खाली सुयांचा, म्हणजे पिरुलचा, थर साचतो आणि एप्रिल-मेमध्ये तो पेट घेतो. बांजाखाली याउलट ओला, कुजलेला पाचोळा असतो. गुरांच्या गोठात तोच अंथरतात आणि त्याचंच शेणखत होतं. (घराच्या तळमजल्यावरच्या गुरांच्या जागेला तिकडे ‘गोठ’ म्हणतात. हा शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला घरी आल्यासारखं वाटलं होतं.) बांज परत आणायचा, असं ठरलं. सहा हेक्टर दक्षिण उतार, तीन वर्षांचा निधी.

दोन झाडं

सह्याद्रीत ओक नाही. दख्खन आणि पश्चिम घाटाच्या मूळ वनस्पतींमध्ये ओकच्या कुळाला जागाच नाही, त्यामुळे माझ्यासारखी कोयनेच्या बाजूची मुलगी तिकडे गेली की सगळे ओक एकच वाटतात. आपल्याकडच्या उदाहरणाने सांगायचं तर ऐन आणि अर्जुन घ्या. दोन्ही एकाच प्रजातीगणातले भाऊ. पण ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली आणि तो उतारावर उभा राहतो. अर्जुनाची साल गुळगुळीत पांढुरकी आणि त्याचे पाय ओढ्याच्या पाण्याजवळ. कोणी अर्जुनाची रोपं कातळावर लावली तर आपल्या गावातला गुराखीसुद्धा थांबवेल. बांज आणि तिलौंज यांच्यातही असंच अंतर आहे, फक्त ते पटकन डोळ्यांना दिसत नाही.

बांज म्हणजे क्वेर्कस ल्युकोट्रायकोफोरा. त्याची मुख्य वस्ती साधारण १,२०० ते २,३०० मीटरच्या पट्ट्यात. पान चिवट, कडेला करवतीसारखे दाते, वरून गडद हिरवं आणि खालून दाट पांढरट लव. शास्त्रीय नावाचा अर्थच ‘पांढरे केस धारण करणारा’. वारा सुटला की बांजाचा उतार हिरव्याचा एकदम रुपेरी होतो आणि पुन्हा हिरवा. इंग्रज वनाधिकारी त्याला करडा ओक म्हणत.

तिलौंज म्हणजे क्वेर्कस फ्लोरिबंडा. गढवालात त्यालाच मोरू म्हणतात. तो साधारण २,००० मीटरच्या वर, २,७०० पर्यंत. ओलसर उत्तर उतारावर आणि घळीत तो थोडा खालीही उतरतो. पान दोन्ही बाजूंनी लवविरहित आणि चकचकीत. कोवळ्या झाडांच्या आणि खालच्या फांद्यांच्या पानांना काटेरी दाते असतात, म्हाताऱ्या झाडाच्या शेंड्याकडची पानं मात्र बिनदात्यांची. त्याचं इंग्रजी नाव हिरवा ओक. त्याचा चारा गावात चांगला मानतात.

फक्त दात्यांवरून ओळखायला गेलं तर फसायला होतं. एकाच तिलौंजाच्या खालच्या फांदीचं आणि वरच्या फांदीचं पान शेजारी ठेवलं, तर दोन वेगळी झाडं आहेत असं कोणीही म्हणेल. पान उलटं करून पाहणं हीच पहिली परीक्षा. पण तीही पुरेशी नाही, कारण त्याच भागात रियांज नावाचा तिसरा ओक असतो आणि त्याचं पानही खालून लवदार असतं, फक्त लव पांढरी नसून तांबूस-तपकिरी असते.

खरा फरक कॅलेंडरमध्ये आहे. दोन्हींचं फळ फुलोऱ्यानंतर दुसऱ्या वर्षी पिकतं. पण तिलौंजाचं पिकतं ऑगस्टच्या सुमारास, भर पावसात. ते खाली पडतं आणि लगेच रुजतं. बांजाचं पिकतं डिसेंबर-जानेवारीत, कडाक्याच्या थंडीत, आणि ते पाऊस येईपर्यंत वाट पाहत पडून राहतं. त्या पाच-सहा महिन्यांत त्याला कीड लागते, वानरं खातात, ऊन सुकवतं. ओकचं बी धान्यासारखं वाळवून ठेवता येत नाही. आतला ओलावा गेला की ते मेलं. म्हणून ज्याचं बी पावसात पडतं ते सहज उगवतं आणि ज्याचं थंडीत पडतं ते जपावं लागतं. आमची चूक नेमकी या फटीत शिरली.

अडचण कशी उभी राहिली

काम जुलैत मंजूर झालं. आम्हाला घाई होती, कारण पुढच्या पावसाळ्यात रोपं लावायची तर बी त्याच पावसात नर्सरीत पडायला हवं, असा आमचा हिशेब. ऑगस्टमध्ये आमच्या संस्थेतली मुलं धारेपलीकडच्या रानात गेली. झाडांखाली फळांचा सडा होता, काहींना मूळही फुटलेलं. दोन पोती भरून आणली. नोंदवहीत रकाना होता ‘प्रजाती’, आणि छापील यादीत एकच शब्द होता: ‘बांज/ओक’. तिथे खूण झाली. मैदानी भागातून आलेली माणसं सगळ्याच ओकना सरसकट बांज म्हणतात, आमच्या मुलांमध्ये दोघं तशीच होती, आणि मी तर सातारची.

बी इतकं झटपट उगवलं की आम्ही खूश झालो. ही पहिली खूण होती आणि ती माझ्या लक्षात यायला हवी होती. बांजाचं ताजं, पिकलेलं बी ऑगस्टमध्ये मिळतच नाही.

दुसरी खूण कोणीतरी तोंडाने सांगितली होती. नर्सरीला पाणी घालायला येणाऱ्या एका आमांनी (तिकडे आजीला आमा म्हणतात) आमच्या कार्यकर्त्याला विचारलं होतं, की बाबा, ही तिलौंज खाली कशाला लावताय? त्याने हसून ‘हो हो आमा’ म्हटलं आणि विसरला. हे मला फार उशिरा कळलं.

पुढच्या जुलैत रोपं दक्षिण उतारावर गेली. सप्टेंबरपर्यंत छान होती. ऑक्टोबरपासून पाऊस नाही. डिसेंबरात गोठलेलं दव, मार्चपासून ऊन. जूनमध्ये मोजणीला गेलो तेव्हा दहा खड्ड्यांत दोन-तीन रोपं जिवंत, तीही चिडाच्या किंवा झुडपाच्या सावलीतली.

त्या दिवशी आमा माझ्याबरोबर होत्या. मी एक वाळलेलं रोप उपटून हातात घेतलं. त्यांनी त्याचं पान तोडलं, उलटं केलं आणि अंगठ्याने दोनदा चोळलं. मग शेजारच्या बांजाच्या खुंटावरून एक पान ओढलं, तेही उलटं करून चोळलं आणि त्यांचा अंगठा माझ्यासमोर धरला. अंगठ्याला पांढरी लव चिकटली होती. “चेली,” त्या म्हणाल्या, “हा बांज. तू लावलीस ती तिलौंज. तिला धारेपलीकडचं पाणी लागतं.” चेली म्हणजे लेक. आवाजात राग नव्हता. मला मात्र तिथे बसावंसं वाटलं.

कोणते पर्याय होते

त्याच आठवड्यात वनपंचायतीची बैठक झाली. दोन वर्षं वाया गेली होती, निधी एका वर्षाचाच उरला होता. बैठकीत चार गोष्टी पुढे आल्या.

सरपंच दाज्यूंचं (दाज्यू म्हणजे थोरला भाऊ) म्हणणं होतं की उरलेल्या रोपांना पाणी घालू. भावना समजण्यासारखी होती. पण ज्या नौल्यासाठी हे सगळं चाललं होतं तोच मे महिन्यात आटलेला. डोक्यावरून पाणी वाहणार कोण, तर बायकाच. हा पर्याय त्यांनीच हाणून पाडला, आणि बरोबर केलं.

आमच्या कार्यालयाची सूचना होती की त्याच खड्ड्यांत पुन्हा रोपं लावू, या वेळी दुसऱ्या सरकारी नर्सरीतून आणून. अहवालात खड्डे भरलेले दिसले असते. मला हा पर्याय सर्वांत धोक्याचा वाटला. त्या नर्सरीच्या रोपांवरही नाव ‘ओक’ एवढंच होतं, आणि ती लहान पिशव्यांत दोन वर्षं वाढलेली. ओकचं सोटमूळ पहिल्याच वर्षी सरळ खाली जातं. आखूड पिशवीत ते तळाला वळसे घेतं आणि तसंच गुंडाळलेलं राहतं. असं रोप कोरड्या उतारावर खोलवरच्या ओलाव्यापर्यंत पोहोचत नाही.

तिसरा पर्याय: जानेवारीत बांजाचं बी गोळा करायचं आणि थेट उतारावर पेरायचं.

चौथा बायकांकडून आला, आणि तो आमच्या मूळ आराखड्यात कुठेच नव्हता. उतारावर बांजाची जुनी खोडं आहेतच. ती मेलेली नाहीत, दरवर्षी कोंब काढतात आणि दरवर्षी दातुलीने, म्हणजे आपल्या विळ्याने, छाटली जातात. त्यांना पाच वर्षं हात लावायचा नाही. एवढंच.

हा पर्याय सगळ्यांत स्वस्त आणि सगळ्यांत महाग. पैसा लागत नाही, पण पाच वर्षं तिथला चारा बंद. ज्या घरी दोन म्हशी आहेत त्यांच्यासाठी ही छोटी गोष्ट नव्हे. एक वहिनी म्हणाल्या, तुमच्या कागदावर झाड वाढेल, माझ्या गोठात काय? यावर कोणाकडेच उत्तर नव्हतं, माझ्याकडेही नाही. बैठक दोनदा पुढे गेली.

काय केलं

शेवटी उतार तोडून विचार केला. सहा हेक्टर हा एकच तुकडा आहे असं आम्ही मानलं होतं. आमांबरोबर आणि आणखी तिघींबरोबर दोन दिवस नुसतं चालून पाहिलं, तर त्यात तीन वेगळ्या जागा निघाल्या. उघडा दक्षिण उतार. मधली एक घळ, जिथे सकाळचं ऊन उशिरा येतं आणि माती ओली असते. आणि धारेलगतचा पट्टा.

उघड्या उतारापैकी दोन हेक्टरवर खुंट राखायचे ठरले, संपूर्ण सहावर नाही. उरलेला चारा खुला राहिला. राखलेल्या भागाभोवती दगडी गडगा घातला आणि प्रत्येक खुंटावर दोन-तीन जोमदार कोंब ठेवून बाकीचे काढले. काढलेले कोंब चारा म्हणून त्याच घरांना गेले. त्यांनीच आपली मोळी सोडली होती.

नर्सरीत उरलेली तिलौंजाची रोपं घळीत लावली. तेवढ्यासाठी ती फेकली नाहीत हे बरं झालं.

बांजाच्या बियांचं काम जानेवारीत. झाडाखाली पडून राहिलेली फळं घेतली नाहीत, कारण त्यांत किडीचं प्रमाण फार असतं. झाडाखाली जुन्या साड्या पसरून फांद्या हलवल्या. मग सगळं बी पाण्याच्या घमेल्यात ओतलं. तरंगलेलं टाकलं, बुडालेलं ठेवलं. तरंगलेल्यांतली काही चाकूने कापली तर आत पांढरी अळी वळवळत होती, किंवा नुसती भुकटी.

इथे आणखी एक चूक झाली, आणि ती पूर्णपणे आमची. अर्धं बी त्याच आठवड्यात पेरलं. उरलेलं पोतं ‘पुढच्या आठवड्यात’ म्हणून कार्यालयाच्या खोलीत राहिलं, आणि त्या खोलीत दिवसभर शेगडी पेटलेली असे. रस्त्यावर बर्फ पडलं, तीन आठवडे गेले. नंतर बी हातात घेऊन हलवलं तर खुळखुळ्यासारखं वाजलं. आतला गर सुकून टरफलापासून सुटला होता. ओल्या वाळूत, थंड कोपऱ्यात ठेवलं असतं तर ते टिकलं असतं.

पेरलेलं बी उघड्यावर न टाकता किल्मोडा आणि हिसालू या काटेरी झुडपांच्या पायथ्याशी, बोटभर खोल टाकलं आणि वर चपटा दगड ठेवला. झुडूप सावली देतं, गुरांना अडवतं. दगडामुळे वानरांचा हात पोहोचत नाही. साळिंदराला मात्र दगडाची पर्वा नसते, हे पुढे कळलं.

निष्पत्ती

या नव्या कामाच्या तिसऱ्या वर्षीच्या पावसानंतरची स्थिती सांगते.

राखलेल्या दोन हेक्टरांवर बांजाचे कोंब कमरेच्या वर गेले. या संपूर्ण कामातलं सर्वांत ठोस यश हेच, आणि त्यासाठी एकही रोप, एकही खड्डा लागला नाही. जमिनीत मुळं आधीच होती, जुनी आणि खोल. त्यांना फक्त सवड हवी होती.

घळीतली तिलौंज चांगली रुजली. जी रोपं उघड्यावर उन्हात करपली, त्यांचीच भावंडं दोनशे पावलांवर चकचकीत पानांनी उभी आहेत. पाहुण्यांना मी आधी तिथे नेते, मग उघड्या उतारावरच्या रिकाम्या खड्ड्यांपाशी.

पेरलेल्या बांजाचं चित्र संमिश्र. काही ठिकाणी पहिल्या पावसात दोन-दोन पानं वर आली, काही ठिकाणी साळिंदराने ओळीने उकरून खाल्ली. काही रोपांचा शेंडा उन्हाळ्यात वाळला आणि आम्ही ती मेली म्हणून नोंदवली. पावसात ती मुळाशी पुन्हा फुटली. बांजाची ही सवय माहीत असती तर जूनच्या मोजणीत घाईने शून्य लिहिलं नसतं. आता मोजणी सप्टेंबरात करतो.

नौल्याच्या पाण्यात तीन वर्षांत फरक पडला, असं मी म्हणणार नाही. कंबरभर वाढलेल्या कोंबांकडून तशी अपेक्षा करणंही चूक. अहवालात ते वाक्य घालावं असा आग्रह झाला होता. मी घातलं नाही.

चाऱ्याचा ताण खरा होता. दोन घरांनी एकेक म्हैस विकली. त्याचं कारण फक्त आमची बंदी नव्हती, पण बंदीचा भाग त्यात होता आणि तो नोंदवायला हवा.

पुन्हा करायचं झालं तर

पहिली गोष्ट, ऑगस्टमध्ये बी मिळालं तेव्हाच थांबून विचारलं असतं, की हे आत्ता कसं पिकलं? प्रश्न एका वाक्याचा होता. ओकच्या बाबतीत महिना हीच ओळख आहे, हे आता मी नव्या मुलांना पान दाखवण्याच्याही आधी सांगते.

नावांच्या बाबतीत आम्ही उलट बाजूने चाललो. शास्त्रीय नाव पक्कं, गावचं नाव ढोबळ, असं आम्हाला वाटायचं. इथे नेमकं उलटं निघालं. जुन्या वनआराखड्यांत बांजाला क्वेर्कस इन्काना म्हटलेलं सापडतं, पण ते नाव आधीच एका अमेरिकन ओकला दिलेलं असल्याने बदलावं लागलं. आज काही याद्यांत तोच बांज ऑब्लोंगाटा म्हणून येतो. तिलौंज कुठे डायलाटाटा, कुठे हिमालयाना, कुठे फ्लोरिबंडा. माझ्या टेबलावरच्या तीन कागदांवर एकाच झाडाची तीन नावं होती, आणि मी ती तीन झाडं आहेत असं समजून वाचत होते. आमांच्या तोंडी मात्र बांज, तिलौंज, रियांज हे तिन्ही शब्द वेगळे आणि ठाम होते. ज्या बाईने चाळीस वर्षं रोज पान तोडलं तिला पानाची खालची बाजू माहीत असणारच. नोंदवहीच्या छापील यादीने तिचे तीन शब्द एका रकान्यात कोंबले.

आता नोंदवहीत गावच्या नावाचा वेगळा रकाना आहे, आणि तो आधी भरायचा. शेजारी त्या झाडाचं एक पान चिकटवतो, खालची बाजू वर करून. बी कोणत्या तारखेला, कोणत्या उंचीवर, कोणत्या दिशेच्या उतारावर मिळालं तेही लिहितो. गावातलं कोणी ‘हे ते नाही’ म्हणालं तर ते वाक्य जसंच्या तसं, बोलणाऱ्याच्या नात्यानिशी लिहायचं आणि दुसऱ्या दिवशी माझ्याकडे यायलाच हवं.

खड्डे खणण्याआधी उतारावर चालायला आम्ही एकच दिवस दिला होता, तोही दुपारी. आता सकाळी आणि संध्याकाळी, दोन्ही वेळा जाते, कारण घळीत ऊन किती वाजता पोहोचतं हे दुपारी कळत नाही. आणि खुंटांची मोजणी सर्वांत आधी करायला हवी होती. जिवंत मुळं असलेल्या उतारावर नवीन रोपांसाठी पैसे मागणं, ही त्या आराखड्यातली सर्वांत मोठी चूक होती असं आज मला वाटतं. आराखडा मीच लिहिला होता.

धारेलगतच्या तिसऱ्या पट्ट्याचा निर्णय अजून व्हायचा आहे. तिथे दोन्ही झाडं शेजारी-शेजारी उभी आहेत. आमांचं मत आहे तिलौंज लावावी, कारण चारा चांगला. सरपंच दाज्यूंचं मत बांज, कारण अलीकडचे उन्हाळे अधिक कोरडे जात आहेत आणि बांज छाटणीही जास्त सोसतो. बैठक ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ठेवली आहे. तिलौंज ठरली तर बी तेव्हाच उचलावं लागेल, आणि बांज ठरला तर जानेवारीपर्यंत ओल्या वाळूची तयारी करायला आमच्याकडे पाच महिने आहेत.